नाव ठाऊक नसलेली गोष्ट नवशिक्याला डॉक्युमेंटेशनमध्ये कशी सापडावी?

प्रश्न – संध्यावर्ग_राजारामपुरी

नमस्कार. आम्ही काही मित्र कोल्हापुरात राजारामपुरीमध्ये संध्याकाळी पायथनचा वर्ग चालवतो. वर्गाला पदविकेचे विद्यार्थी येतात, शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतींतून पाळी संपवून येणारी मुले असतात, आणि मार्केट यार्डातल्या एका अडत दुकानात हिशेब लिहिणारी एक विद्यार्थिनीही आहे. वर्गात समोरासमोर शंका फिटतात. खरी अडचण घरी गेल्यावर सुरू होते. काही अडले तर आधी अधिकृत डॉक्युमेंटेशन पाहावे, असे आम्ही आग्रहाने सांगतो, कारण कुठल्या तरी व्हिडिओवरून केलेली नक्कल आम्हाला नको आहे. परंतु डॉक्युमेंटेशन उघडूनही बहुतेकांना उत्तर सापडत नाही, आणि उत्तर तिथे असूनही ते सापडत नाही, हे अधिक खटकते.

एक उदाहरण सविस्तर देतो. त्या विद्यार्थिनीने गुळाच्या पट्टीचा, म्हणजे विक्रीच्या हिशेबाचा, छोटा प्रोग्राम लिहिला. एका रव्याचे (गुळाच्या ढेपेचे) वजन विचारायचे, रवे किती ते विचारायचे आणि दोहोंचा गुणाकार छापायचा, एवढेच काम होते. रव्यांच्या संख्येला तिने इंट (टंकलेल्या मजकुराचा पूर्णांक करणारी आज्ञा) लावले होते, वजनाला लावले नव्हते. वजन ३० आणि रवे ४ दिल्यावर पडद्यावर १२० च्या जागी ३०३०३०३० उमटले. एरर आली नाही, प्रोग्राम थांबला नाही. पायथनच्या दृष्टीने तिने ‘३०’ ही स्ट्रिंग (अक्षरांची मालिका) चार वेळा जोडायला सांगितली होती आणि ती त्याने इमानेइतबारे जोडली. याचे स्पष्टीकरण डॉक्युमेंटेशनमध्ये दोन ठिकाणी आहे. इनपुट हे फलन (फंक्शन) वाचलेली ओळ स्ट्रिंग म्हणूनच परत देते, हे अंगभूत फलनांच्या पानावर आहे. आणि स्ट्रिंगला पूर्णांकाने गुणले की तिची पुनरावृत्ती होते, हे सिक्वेन्स (क्रमाने मांडलेल्या मूल्यांच्या) प्रकारांच्या तक्त्यात आहे. तिने मात्र ‘गुणाकाराचे उत्तर चुकीचे’ अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांनी शोध घेतला, आणि आलेल्या निकालांपैकी एकही या दोन जागांकडे नेणारा नव्हता. ‘सिक्वेन्सची पुनरावृत्ती’ असे शोधण्याइतके तिला ठाऊक असते, तर मुळात शोधण्याची वेळच आली नसती.

दुसरी अडचण आमच्या स्वतःच्या पानांची आहे. वर्गासाठी आम्ही मराठीत टिपणे लिहिली आहेत आणि ती स्फिंक्स हे डॉक्युमेंटेशनची पाने बनवणारे साधन वापरून संकेतस्थळावर ठेवली आहेत. तिथल्या सर्चमध्ये ‘चल’ (व्हेरिएबल) किंवा ‘फलन’ लिहिले की नेमकी पाने येतात. ‘यादी’ लिहिले की त्या शीर्षकाचे पान वर येते खरे, पण त्याखाली संकेतस्थळावरची जवळजवळ सगळी पाने येतात, आणि त्यांतल्या अनेकांत यादीचा उल्लेखसुद्धा नसतो. ‘गुणाकार’ची तीच तऱ्हा. ब्राउझर आणि कीबोर्ड बदलून पाहिले, काही फरक पडला नाही.

इतर भाषांच्या डॉक्युमेंटेशनमध्ये नवशिक्यांसाठी शोधाच्या कोणत्या सोयी केलेल्या आहेत, त्यांतल्या कोणत्या आमच्यासारख्या छोट्या गटाला जमतील, आणि मराठी शब्दांचा हा घोळ कशामुळे होतो, याबद्दल जाणकारांनी कृपया लिहावे.

उत्तर – शिरोली_ऑटोमेशन

नमस्कार सर. डॉक्युमेंटेशन लिहिणारा वस्तूच्या नावापासून सुरुवात करतो, कारण ती वस्तू त्याने स्वतः घडवलेली किंवा जवळून पाहिलेली असते. वाचक मात्र समोर दिसलेल्या लक्षणापासून सुरुवात करतो. नावांप्रमाणे लावलेले संदर्भपान जाणकारासाठी योग्यच आहे, ते मोडण्याचे कारण नाही. त्याच पानाकडे नेणारी दुसरी वाट वाचकाच्या शब्दांत बांधावी लागते, आणि ज्या भाषांनी हे मनावर घेतले त्यांनी ती वेगवेगळ्या प्रकारे बांधली आहे.

मला सर्वांत उपयोगी वाटलेली सोय रस्ट या प्रोग्रामिंग भाषेची आहे. तिथे फलनाच्या डोक्यावर त्याची पर्यायी नावे नोंदवता येतात. नोव्हेंबर २०२० मध्ये आलेल्या १.४८ या आवृत्तीपासून ही सोय सर्वांना खुली झाली. नवी डिरेक्टरी बनवणाऱ्या फलनाचे रस्टमधले नाव ‘क्रिएट_डिर’ असे आहे, पण सी किंवा लिनक्सच्या टर्मिनलवरून आलेला माणूस सवयीने ‘एमकेडिर’ असेच लिहिणार. तसे लिहिले तरी तो योग्य पानावर पोहोचतो, आणि त्यासाठी पानाच्या मजकुरात एक अक्षरही बदललेले नसते. पर्यायी नावे भारंभार देऊ नयेत असा संयमही तिथे पाळला जातो, आणि तो योग्य आहे, कारण दहा फलनांना एकच पर्यायी नाव दिले की शोधणाऱ्याची अवस्था पहिल्यासारखीच होते. रस्टच्या शोधात फलन काय घेते आणि काय परत देते यावरूनही शोधता येते, हॅस्केल या भाषेसाठीचे हूगल हे शोधयंत्र तर त्याच कामासाठी प्रसिद्ध आहे; परंतु ही सोय ज्याला प्रकार कळतात त्याच्यासाठी आहे, आपल्या विद्यार्थ्यांसाठी नाही.

जुन्या भाषांमध्येही शहाणपण होते. पर्लच्या ‘पर्लडॉक’ या आज्ञेला फलनासाठी वेगळा पर्याय आहे, ठरावीक चिन्हांकित चलांसाठी वेगळा आहे, आणि नेहमीच्या प्रश्नांच्या शीर्षकांत शब्द शोधण्यासाठी आणखी वेगळा आहे. पीएचपीच्या संकेतस्थळाच्या पत्त्यापुढे फलनाचे नाव लिहिले की थेट त्याचे पान उघडते. दोन्हींत नाव ठाऊक असण्याची अट बऱ्याच अंशी राहतेच, पण प्रश्नांच्या शीर्षकांत शोधण्याची कल्पना आजही उचलण्यासारखी आहे.

आता एररबद्दल. नवशिक्याच्या हाती असलेला सर्वांत नेमका शोधशब्द म्हणजे पडद्यावर आलेला एररचा मजकूर होय. रस्टमध्ये बहुतेक एररना क्रमांक असतात. ‘ई०३८२’ म्हटले की मालकी हलवलेले मूल्य पुन्हा वापरल्याची एरर, आणि कंपायलरलाच तो क्रमांक देऊन सविस्तर खुलासा मागता येतो. पायथनमध्ये असे क्रमांक नाहीत, म्हणून तिथे मजकूरच किल्ली ठरतो. आपल्या विद्यार्थिनीने दोन्हींपैकी कुठेच इंट लावले नसते, तर तिला ‘कान्ट मल्टिप्लाय सिक्वेन्स बाय नॉन-इंट ऑफ टाइप एसटीआर’ अशा अर्थाची टाइपएरर मिळाली असती. आपल्या पानावर ही ओळ पडद्यावर दिसते तशीच, रोमन अक्षरांत, जशीच्या तशी असली पाहिजे, कारण विद्यार्थी ती कॉपी करून चिकटवणार. फाइलचे नाव, ओळीचा क्रमांक आणि चलाचे नाव असे बदलणारे भाग तेवढे वगळावेत. आवृत्तीचेही भान ठेवावे लागते. कंस बंद करायचा राहिला तर पूर्वी कधी ‘इनव्हॅलिड सिंटॅक्स’, कधी ‘अनएक्स्पेक्टेड ईओएफ व्हाइल पार्सिंग’ असे यायचे. ऑक्टोबर २०२१ मधल्या ३.१० पासून कोणता कंस उघडा राहिला ते पायथन स्वतःच सांगते. प्रयोगशाळेतल्या संगणकांवर जुनी आवृत्ती असण्याची शक्यता धरून एकाच पानावर दोन्ही मजकूर द्यावेत.

गुळाच्या पट्टीत तर एररच नव्हती. अशा ठिकाणी लक्षणच शीर्षक करावे: ‘गुणाकार करण्याऐवजी तीच संख्या पुन्हा पुन्हा छापली जाते’. शीर्षक एवढे लांब असल्याचा संकोच करू नये. स्फिंक्सच्या मूळ गुणपद्धतीत शीर्षकाशी जुळणाऱ्या शोधाला १५ गुण मिळतात आणि मजकुरातल्या शब्दाला ५, म्हणजे वाचकाचे वाक्य परिच्छेदात पुरून ठेवण्यापेक्षा शीर्षकात ठेवणे कितीतरी फायद्याचे आहे. त्या पानावर चार ओळींचा खुलासा आणि इनपुटच्या अधिकृत नोंदीचा दुवा एवढे पुरे.

चिन्हांची गोष्ट वेगळी आहे. `//`, `%`, `:=` ही चिन्हे सर्च बॉक्समध्ये लिहिली तर अनेक शोधयंत्रे ती विरामचिन्हे समजून फेकून देतात आणि काहीच उरत नाही. म्हणून प्रत्येक चिन्हाला उच्चारता येईल असे नाव पानावर लिहावे लागते. `:=` हे चिन्ह २०१९ साली ३.८ मध्ये आले. व्याकरणात त्याचे नाव लांबलचक आहे आणि लोक त्याला ‘वॉलरस’ म्हणतात. वर्गातली मुले त्याला ‘कोलन बरोबर’ म्हणत असतील, तर ते नावही पानावर हवेच.

उत्तर – काना_मात्रा_वेलांटी

मराठी शब्दांच्या घोळाबद्दल लिहितो, कारण त्याचे कारण नेमके सांगता येते आणि आपण दिलेल्या उदाहरणांतच ते दडलेले आहे. ‘चल’ आणि ‘फलन’ या दोन्ही शब्दांत एकही काना, मात्रा, वेलांटी, उकार किंवा जोडाक्षर नाही. ‘यादी’त काना आणि वेलांटी आहे.

स्फिंक्स शोधसूची बनवताना मजकुराचे शब्द पाडते आणि त्यासाठी पायथनच्या रेग्युलर एक्स्प्रेशनमधला (मजकुरातले नमुने ओळखण्याच्या सोयीतला) ‘शब्दातले अक्षर’ हा वर्ग वापरते. पायथनच्या प्रमाणित आरई मॉड्यूलमध्ये या वर्गात अक्षरे, अंक आणि अधोरेखा येतात. युनिकोडने ‘मार्क’ म्हणून नोंदवलेल्या स्वरचिन्हांना आणि हलन्ताला मात्र तिथे जागा नाही. परिणामी काना दिसला की शब्द संपला असे समजले जाते. ‘यादी’चे ‘य’ आणि ‘द’ असे दोन तुकडे होतात, ‘गुणाकार’चे ‘ग’, ‘ण’, ‘क’, ‘र’ असे चार होतात. आपण शोधायला लिहिलेल्या शब्दाचेही ब्राउझरमध्ये असेच तुकडे पडतात, कारण तिथली जावास्क्रिप्टही अक्षर आणि अंक एवढेच धरते आणि मार्क वगळते. मग यंत्र ‘य’ आणि ‘द’ दोन्ही असलेली पाने शोधते, आणि मराठीत लिहिलेल्या कोणत्या पानावर हे दोन तुकडे नसतील? शीर्षकाची तुलना पूर्ण वाक्यखंडाशी वेगळी होते, म्हणून ‘यादी’ शीर्षकाचे पान वर आले.

हा दोष लवकर ध्यानात येत नाही याचे कारणही हेच आहे. संकेतस्थळ तयार झाल्यावर चाचणी म्हणून माणूस एखादा छोटा शब्द लिहितो, ‘चल’, ‘बदल’, ‘सदर’ असे काहीतरी, आणि शोध चालतो असे मानून पुढे जातो.

दुरुस्ती फार मोठी नाही. स्फिंक्समध्ये शोधभाषांच्या यादीत मराठी नाही, परंतु आपली भाषा जोडण्याची सोय आहे. शोधभाषेचा मूळ क्लास घेऊन त्यातली शब्द पाडणारी पद्धत बदलावी आणि देवनागरीचा संपूर्ण पट्टा, म्हणजे स्वरचिन्हे, अनुस्वार आणि हलन्त यांच्यासह, शब्दाचा भाग मानावा. दंड आणि दुहेरी दंड तेवढे बाहेर ठेवावेत. पायथनसाठी स्वतंत्रपणे मिळणारे ‘रेजेक्स’ मॉड्यूल वापरले तर तिथे मार्क शब्दातच धरले जातात, त्यामुळे काम आणखी सोपे होते. त्याच क्लासमध्ये ब्राउझरसाठीचा शब्द पाडणारा जावास्क्रिप्टचा तुकडाही देता येतो, आणि तो देण्यास विसरू नये. सूची एका नियमाने आणि शोध दुसऱ्या नियमाने केला, तर आज सगळी पाने येतात ती उद्या एकही येणार नाही.

उत्तर – तालिका_विभाग

मी संगणकातला माणूस नाही. नोकरीची सगळी वर्षे ग्रंथालयात तालिकीकरण केले आणि निवृत्तीनंतर नातवाबरोबर पायथन शिकत आहे. वरील दोन्ही उत्तरे मान्य करूनही थोडे वेगळे मत मांडतो.

सर्च बॉक्स हीच डॉक्युमेंटेशनची एकमेव वाट आहे, असे आपण गृहीत धरून चाललो आहोत. पायथनच्या अधिकृत पानांवर मोठी वर्णानुक्रमे सूची आहे, आणि तिच्यात चिन्हांचा स्वतंत्र विभाग आहे. सर्च बॉक्स ज्या `//` ला फेकून देतो, ते तिथे रीतसर नोंदवलेले आहे. पारिभाषिक शब्दांचा कोशही आहे. नवशिक्यांना या दोन पानांची ओळख पहिल्याच आठवड्यात करून दिली पाहिजे, आणि माझ्या अनुभवात ती कोणी करून देत नाही. सूची चाळताना शेजारची नोंद नजरेस पडते आणि आपण शोधत नव्हतो तेही कळते. सर्च बॉक्समध्ये असे शेजारी नसतात.

दुसरे असे की त्या संकेतस्थळावर एकाच विषयाची पाने निरनिराळ्या हेतूंनी लिहिलेली आहेत. शिकवणी वेगळी, लायब्ररीचा संदर्भ वेगळा, भाषेचे व्याकरण वेगळे. ‘इफ’बद्दल शोधणारा विद्यार्थी भाषासंदर्भाच्या पानावर पोहोचला, तर त्याच्यासमोर आधी व्याकरणाची सूत्रे येतात, आणि हे आपल्याला झेपणारे नाही असा समज करून घेऊन तो पान मिटतो. डॅनिएले प्रोचिडा यांनी डायटॅक्सिस या मांडणीत शिकवणी, कृतीची पाने, संदर्भ आणि स्पष्टीकरण असे डॉक्युमेंटेशनचे चार प्रकार पाडले आहेत. तुम्ही स्वतःच्या टिपणांत निदान एवढे करा की शोधाच्या निकालात प्रत्येक पानासमोर त्याचा प्रकार दिसावा. नातवाला मी हेच शिकवले: निकालावर क्लिक करण्याआधी पत्त्यात ‘ट्यूटोरियल’ आहे, ‘लायब्ररी’ आहे की ‘रेफरन्स’ आहे, ते वाच.

पर्यायी नावांची जी चर्चा झाली, तिला आमच्याकडे ‘पाहा’ नोंद म्हणतात. ‘क्षयरोग’ हा स्वीकृत विषय असेल, तर ‘टीबी’ या नावानेही कार्ड करायचे आणि त्यावर ‘पाहा: क्षयरोग’ असे लिहायचे. ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांचा चौथा नियम वाचकाचा वेळ वाचवा असे सांगतो, आणि तालिकेत त्याचे पालन मुख्यतः या कार्डांमुळे होते. परंतु ही कार्डे आम्ही मनाने करत नसू. काउंटरवर वाचक कोणत्या शब्दाने विचारतो, ते ऐकून करत असू. तुमच्या गटातले जाणकार एका खोलीत बसून नवशिक्यांचे शब्द कल्पनेने लिहू लागले, तर त्यांतले बरेच निरुपयोगी निघतील.

संध्यावर्ग_राजारामपुरी

तिघांचेही मनापासून आभार. शब्द पाडण्याचा नियम आजच बदलून पाहतो. तालिका विभागाच्या सरांनी सुचवलेली पानाचा प्रकार दाखवण्याची कल्पनाही आम्हाला सहज अमलात आणता येईल, कारण टिपणांचे फोल्डर मुळातच वेगळे आहेत.

पुढची शंका अशी की शब्द नीट पडले तरी ‘यादी’ लिहिल्यावर ‘यादीतील’, ‘यादीला’, ‘याद्यांमध्ये’ असलेली पाने कशी यावीत? आणि विद्यार्थ्यांच्या ऱ्हस्व-दीर्घाचे काय करावे? ‘चूक’ आणि ‘चुक’ दोन्ही लिहिणारे वर्गात भरपूर आहेत, आणि आमच्या टिपणांतही सगळीकडे शुद्धलेखन सारखे आहे असे छातीठोकपणे सांगवत नाही.

उत्तर – काना_मात्रा_वेलांटी

शोधासाठी शब्दाचे जे रूप साठवायचे, ते शुद्ध असण्याची गरज नाही. सूचीत आणि शोधात ते एकच असले म्हणजे झाले. हे एकदा मान्य केले की बरेच प्रश्न सुटतात.

पहिली पायरी लेखनभेद मिटवण्याची. येथे एक सापळा आहे. ‘ॲरे’ हा शब्द दोन प्रकारे टंकला जातो. एका कीबोर्डवरून ‘ॲ’ हे एकसंध अक्षर येते, जे युनिकोडमध्ये २००८ च्या ५.१ आवृत्तीत दाखल झाले. दुसऱ्यावरून ‘अ’ आणि त्यावर चंद्र अशी दोन चिन्हे येतात. डोळ्यांना दोन्ही सारखीच दिसतात, संगणकाला ती भिन्न आहेत, आणि युनिकोडचे प्रमाणित नॉर्मलायझेशन, म्हणजे समान चिन्हांना एकच रूप देण्याची पद्धत, ती एक करत नाही. ‘दुसऱ्या’मधल्या अर्ध्या र चे तसेच आहे: काही जण तो नुक्तावाल्या र पासून बनवतात, काही साध्या र ला हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह लावून बनवतात. या दोन्हींसाठी अदलाबदलीचा आपला स्वतःचा नियम लिहावा लागतो. मराठी आशयाच्या शोधात ‘ॲप’ आणि ‘ॲरे’ हरवण्याचे हे फार मोठे कारण आहे, आणि लिहिणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो.

दुसरी पायरी ऱ्हस्व-दीर्घाची. शोधरूपात सर्व दीर्घ ई आणि ऊ, त्यांच्या चिन्हांसह, ऱ्हस्व करून टाकावेत. ‘चूक’ आणि ‘चुक’ एक होतात, आणि शिवाय ‘चुकीचा’ हेही जवळ येते, कारण प्रत्यय लागल्यावर मराठीत तो उकार ऱ्हस्व होतोच. ‘दिन’ आणि ‘दीन’ एक होतील अशी हरकत कोणी घेईल. प्रोग्रामिंगच्या टिपणांत दीन फारसे भेटत नाहीत.

तिसरी पायरी प्रत्ययांची. लांब प्रत्यय आधी काढावेत: ‘मध्ये’, ‘साठी’, ‘पासून’, ‘वरून’, ‘तील’, ‘च्या’; मग ‘ला’, ‘ने’, ‘चा’, ‘ची’, ‘चे’, आणि शेवटी ‘त’. प्रत्यय काढल्यावर उरलेल्या शब्दाचा शेवटचा स्वर काढावा, म्हणजे ‘ओळ’ आणि ‘ओळीत’, ‘सूत्र’ आणि ‘सूत्रात’ जुळतात. ‘गणित’मधला ‘त’ हा प्रत्यय नाही, तरी तो कापला जाईल आणि ‘गण’ उरेल. ‘गणिताचा’ मात्र ‘गणित’वरच थांबेल. अशा शब्दांची छोटी अपवादयादी ठेवावी. ‘याद्यांमध्ये’ यात ‘यादी’चे रूपच बदलते, तेवढ्यासाठी व्याकरणाचे यंत्र उभारणे मला योग्य वाटत नाही, त्या पानावर एकदा तरी ‘यादी’ हा शब्द येईल असे लिहिणे स्वस्त पडते.

गुळाचा_हिशेब

नमस्कार. ज्या प्रोग्रामबद्दल वर लिहिले आहे, तो माझा आहे. सरांनी हा धागा वाचायला सांगितला म्हणून लिहीत आहे.

मी देवनागरीत शोधतच नाही. फोनवर मराठी रोमन अक्षरांतच लिहिते, घरातले सगळे तसेच लिहितात. ‘यादी मधला शेवटचा काढायचा’ हे मी इंग्रजी अक्षरांत लिहिलेले असते आणि त्याच्या मध्येच ‘पायथन’ असते. त्यामुळे वरचे सगळे नियम केले तरी मला उपयोग होईल की नाही, शंका आहे. त्या दिवशी सरांच्या टिपणांत शोधावे असे मनातही आले नव्हते, कारण तिथे माझ्या पद्धतीने लिहिले की काही येत नाही, हे आधी पाहिले होते.

आणखी एक. पान सापडले तरी ते माझ्यासाठी आहे का, हे मला पहिल्या चार ओळींत कळत नाही. तिथे माझ्यासारखा चुकलेला प्रोग्राम आणि त्याचे चुकीचे उत्तर दिसले असते, तर मी थांबले असते. सगळीकडे बरोबर प्रोग्राम असतात. माझा चुकलेला असतो, मग मी तुलना कशाशी करू?

वजन मी देवनागरी अंकांत भरले होते, म्हणून आधी मला वाटले की त्यामुळेच बिघडले. तसे नव्हते, सरांनी दाखवले की इंटला देवनागरी ३० सुद्धा चालते.

उत्तर – शिरोली_ऑटोमेशन

ताईंनी लिहिलेली चुकलेल्या प्रोग्रामची गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. पानाच्या सुरुवातीलाच चुकीचे उदाहरण आणि त्याचे जसेच्या तसे आलेले उत्तर द्यावे, त्यावर ‘असे होत असेल तर’ असे स्पष्ट लिहावे, आणि त्याखाली दुरुस्त उदाहरण द्यावे. यामुळे शोधालाही मदत होते, कारण ३०३०३०३० हे अंकसुद्धा मजकुरात येतात. अर्थात कोणी नेमके तेच अंक शोधणार नाही. पण पान उघडल्यावर ओळख पटायला ते पुरेसे आहेत.

रोमन मराठीसाठी लिप्यंतराचे यंत्र बनवण्याच्या फंदात पडू नये. ‘यादी’ रोमनमध्ये लिहिण्याच्या दोन-तीन सवयी असतात, ‘शेवटचा’च्या त्याहून जास्त. स्फिंक्समध्ये पानाच्या सुरुवातीला मेटा निर्देश देऊन की-वर्ड लिहिता येतात; ते वाचकाला दिसत नाहीत, पण शोधसूचीत जातात. तिथे त्या पानासाठी खरोखर वापरली जाणारी रोमन रूपे लिहावीत. कोशातही एका व्याख्येवर एकापेक्षा अधिक शब्द ठेवता येतात, तेव्हा ‘यादी’, ‘लिस्ट’ आणि त्याचे मूळ इंग्रजी रूप एकाखाली एक लिहून एकच व्याख्या द्यावी. ‘पाहा’ नोंदीचीही सोय आहे. इंडेक्स या निर्देशात ती मुद्दाम दिलेली आहे, हे तालिका विभागाच्या सरांना वाचून आनंद होईल.

कोणती रूपे खरोखर वापरली जातात, ते कसे कळणार, हा प्रश्न उरतो. स्फिंक्सचा शोध ब्राउझरमध्येच चालतो, त्यामुळे वरवर पाहता सर्व्हरला काही कळत नाही असे वाटते. परंतु शोधलेला शब्द शोधपानाच्या पत्त्यात ‘क्यू’ या नावाने जातो, आणि संकेतस्थळ आपल्या स्वतःच्या सर्व्हरवर असेल, तर तो पत्ता सर्व्हरच्या लॉगमध्ये (नोंदवहीत) उमटतो. लॉगमधून तेवढ्या ओळी गाळून घेतल्या की वर्गाचा शब्दसंग्रह आपोआप हाती येतो. त्यातले आयपी पत्ते तिथल्या तिथे काढून टाकावेत. कोण काय शोधते हे आपल्याला नको आहे, काय शोधले जाते एवढेच हवे आहे. संकेतस्थळ गिटहब पेजेसवर, म्हणजे गिटहबच्या सर्व्हरवर, ठेवले असेल, तर असे लॉग मिळत नाहीत.

संध्यावर्ग_राजारामपुरी

आमचे संकेतस्थळ गिटहब पेजेसवरच आहे. वर्गातल्या जुन्या संगणकावर त्याची एक प्रत चढवून विद्यार्थ्यांना काही दिवस तोच पत्ता वापरायला सांगणार आहोत, म्हणजे लॉग मिळेल.

शब्द पाडण्याचा नियम दोन्ही बाजूंनी बदलला. ‘यादी’ आणि ‘गुणाकार’ आता नेमकी पाने देतात. ‘ॲरे’ची दोन्ही रूपे तपासली तेव्हा आमच्याच टिपणांत ती दोन्ही आढळली, कारण दोन लेखकांचे कीबोर्ड वेगळे आहेत. गुळाच्या पट्टीचे पान चुकीच्या उत्तरासह लिहून झाले आहे आणि त्याला शीर्षक विद्यार्थिनीने स्वतः दिले: ‘गुणाकार केला तर आकडा चारदा आला’.

प्रत्ययांच्या बाबतीत एक अडचण शिल्लक आहे. ‘ने’ काढण्याच्या नियमामुळे ‘पाने’चे ‘पा’ झाले आणि शेवटचा स्वर काढल्यावर एकटा ‘प’ उरला. प्रत्यय काढल्यावर किमान किती अक्षरे उरली पाहिजेत, अशी मर्यादा घालायची म्हटले, तर ती दोन अक्षरांची ठेवावी की तीन? आणि ‘अक्षर’ मोजताना काना-मात्रा वेगळ्या धरायच्या की व्यंजनाबरोबर?

उत्तर – काना_मात्रा_वेलांटी

व्यंजनाबरोबर धरून मोजावे, आणि मर्यादा दोनची ठेवावी. तीन ठेवली तर ‘ओळीत’मधला ‘त’ निघणार नाही, कारण तो काढल्यावर ‘ओळी’ ही दोनच अक्षरे उरतात. दोनच्या मर्यादेत ‘पाने’ अबाधित राहते. मात्र ‘पानाला’मधून ‘पाना’ उरते आणि शेवटचा स्वर गेल्यावर ‘पान’ होते, म्हणून ‘पाने’चाही शेवटचा स्वर काढायला विसरू नका, तरच ही दोन रूपे जुळतील.